भाऊबीजेच्या ओवाळणीत कुत्र्याचे पिल्लू द्यावे का?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. माझी धाकटी बहीण धुळ्याला देवपुरात, दुसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून रोज बसने गावाला जाऊन-येऊन नोकरी करते. मेहुण्यांची कंपनीत पाळीची ड्यूटी असते आणि घरी तिच्या वयस्कर सासूबाई असतात, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. भाची ११ वर्षांची आणि भाचा ६ वर्षांचा आहे. दोघेही वर्षभरापासून मोबाईलवर पिल्लांचे व्हिडिओ पाहून माझ्याकडे हट्ट करत आहेत. यंदा भाऊबीजेच्या ओवाळणीत लॅब्रॅडोरचे पिल्लू देऊन सर्वांना चकित करायचे मी ठरवले आहे. इंदूरकडच्या एका विक्रेत्याला इसारही दिला आहे. तो ४० दिवसांचे पिल्लू पाडव्याच्या दिवशी खाजगी बसने पाठवणार आहे. बहिणीला आधी विचारले तर ती नाही म्हणेल, म्हणून तिला सांगितलेले नाही. माझ्या पत्नीला मात्र हे पसंत नाही. पिल्लू धुळ्यापर्यंत कसे न्यावे, त्याला काय खाऊ घालावे आणि भाऊबीजेपर्यंत ते कसे लपवून ठेवावे, याचे मार्गदर्शन करावे.

उत्तर :

तुमच्या पत्रात भाचरांविषयीची माया ओळीओळीत दिसते, आणि पिल्लू हाती येण्याआधी त्याच्या प्रवासाची आणि खाण्याची चौकशी तुम्ही केलीत, हेही मला मोलाचे वाटते. तरीसुद्धा मला तुम्हाला आधी हेच सांगावे लागेल की या भाऊबीजेला ते पिल्लू धुळ्याला नेऊ नका. तुम्ही विचारलेल्या तीनही प्रश्नांची उत्तरे पुढे येतील; पण ज्या वाक्यामुळे मी हा सल्ला देत आहे ते वाक्य तुमच्याच पत्रात आहे, आणि आधी त्याच्याविषयी बोलणे आवश्यक आहे.

तुम्ही लिहिता, ‘आधी विचारले तर ती नाही म्हणेल.’ म्हणजे बहिणीचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते उत्तर तिला देता येऊ नये म्हणून तुम्ही ओवाळणीचा क्षण निवडला आहे. तुमचा हेतू असा नसेल, परंतु घडणार तसेच आहे. भावाने ताटात टाकलेली वस्तू बहीण परत करत नाही, ती आवडली नाही असेही म्हणत नाही. माहेरचा मान म्हणून ती जपून ठेवते. साडी आवडली नाही तर कपाटात राहते, त्याने कोणाचे बिघडत नाही. पण समोर सासूबाई बसलेल्या, दोन्ही मुले आनंदाने नाचत असलेली, निरांजन अजून हातात, आणि ताटाशेजारी एक जिवंत पिल्लू, अशा वेळी तुमच्या बहिणीने काय बोलावे अशी तुमची अपेक्षा आहे? ती हसून पिल्लू मांडीवर घेईल आणि तुम्हाला ते होकार वाटेल. त्या हसण्यातून पुढची दहा-बारा वर्षे तिच्या अंगावर पडतील, कारण लॅब्रॅडोरचे सरासरी आयुष्य तेवढे असते.

आता तिचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी डबे, मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधे, मग बस. संध्याकाळी परत आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, स्वतःच्या शाळेचे कागद. मेहुण्यांची पाळी रात्रीची असेल तर ते दिवसा झोपणार. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे लागते, आणि ते दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी रोखू शकत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी नेले तरच त्याला सवय लागते, आणि ही सवय लागेपर्यंत पहिले काही आठवडे रात्रीही उठावे लागते. बहीण शाळेत असताना हे कोणी करायचे? गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाईंनी की सहा वर्षांच्या भाच्याने? फरशीवरच्या ओल्या जागेवरून किंवा पायांत घोटाळणाऱ्या पिल्लामुळे त्या वयाची बाई पडली, तर खुब्याचे हाड मोडू शकते. ज्या घरात पिल्लू येते त्या घरातील वृद्ध माणसाचा विचार फार कमी लोक करतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

मुले सांभाळतील, असे तुम्हाला वाटत असेल. अकरा वर्षांची मुलगी पाण्याचे भांडे भरू शकते, केस विंचरू शकते, मोठ्या माणसाबरोबर फिरायला नेऊ शकते. आणि या कामांतून ती पुष्कळ शिकेलही. पण पिल्लू सकाळपासून जेवले नाही याचा अर्थ काय, डॉक्टरकडे आज न्यायचे की उद्या, हे तिने ठरवायचे नसते. आणखी चार वर्षांनी ती दहावीला असेल. कुत्रा म्हातारा होऊन त्याच्या मागच्या पायांतली शक्ती जाईल, तेव्हा भाची शिक्षणासाठी नाशिकला, पुण्याला किंवा आणखी कुठे असेल, आणि तीस किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या मजल्यावरून उचलून खाली नेण्याचे काम तुमच्या बहिणीकडे असेल. तुमच्या भाचरांचा हट्ट खोटा नाही. तो फक्त त्यांच्या वयाचा आहे.

सणाला प्राणी भेट देणे हे मुळातच चुकीचे, असे मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये नाताळात पिल्लू भेट देण्याची पद्धत आहे आणि तिथल्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेने १९७८ साली ‘कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, केवळ नाताळापुरता नव्हे’ अशा अर्थाचे घोषवाक्य प्रचारात आणले, ते आजही तिथे वापरले जाते. दुसरीकडे, अमेरिकेत नंतर झालेल्या काही अभ्यासांत भेट म्हणून आलेले कुत्रे लोक जास्त प्रमाणात सोडून देतात असे आढळले नाही. ज्या घराची तयारी आहे, त्या घराला पिल्लू कोणी दिले याने फरक पडत नाही, असाच याचा अर्थ मी घेते. तुमच्या बहिणीच्या घराची तयारी आहे की नाही हे ना तुम्हाला माहीत आहे ना मला. ते केवळ तिला माहीत आहे, आणि तिला विचारलेले नाही.

हे झाले बहिणीपुरते. आता त्या पिल्लाविषयी, कारण या व्यवहारात ज्याला बोलता येत नाही असा तोच एक आहे.

विक्रेता ४० दिवसांचे पिल्लू देणार आहे, हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. आपल्या देशात २०१७ पासून कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसंबंधी केंद्र सरकारचे नियम लागू आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे ५६ दिवसांच्या आतील पिल्लू विकणारा माणूस आधीच नियम मोडत आहे, आणि जो वयाच्या बाबतीत नियम पाळत नाही तो लसीच्या, जंताच्या औषधाच्या किंवा मादीच्या बाबतीत पाळत असेल, असे समजण्यास काही आधार नाही. आठ आठवड्यांची अट उगाच घातलेली नाही. पिल्ले आई आणि भावंडांबरोबर खेळता खेळता चावण्याचा जोर किती ठेवायचा हे शिकतात. जोरात चावले की समोरचे पिल्लू कळवळते, खेळ थांबतो, आई दटावते. हे शिक्षण पुरे होण्याआधी उचललेले पिल्लू पुढे माणसांच्या हाताला तोंड लावताना जोर आवरत नाही, आणि तुमच्या भाच्याचे हात फार लहान आहेत. वसुबारसेला आपण गाय आणि वासरू एकत्र पुजतो, नुसत्या गाईची किंवा नुसत्या वासराची पूजा करत नाही. त्याच आठवड्यात एक पिल्लू दूध तुटण्याआधी आईपासून काढून खोक्यात घालून पाठवले जावे, हे आपल्या सणाला शोभणारे नाही.

त्यात प्रवास. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण सहाव्या आठवड्यापासून उतरू लागते आणि लसीने मिळणारी शक्ती अजून तयार झालेली नसते. नेमक्या त्या उघड्या काळात हे पिल्लू इंदूरहून बसच्या डिकीत किंवा केबिनमध्ये निघणार, रात्रभर उपाशी-तहानलेले राहणार, रावेरला उतरणार आणि पुन्हा सावदा, फैजपूर, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा असा धुळ्यापर्यंतचा रस्ता गाठणार. टिश्यू कल्चरचे केळीचे रोप प्रयोगशाळेतून काढून तुम्ही थेट शेतात लावत नाही. शेडनेटमध्ये ते कणखर होईपर्यंत थांबता, आणि तिथे घाई केली तर बाग कशी जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

या वयाच्या पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू पार्वो हा विषाणू आहे. तो विष्ठेतून पसरतो, मातीत आणि फरशीच्या सांध्यांत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. लागण झाल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांत पिल्लू जेवण सोडते, उलट्या सुरू होतात, मग रक्तमिश्रित जुलाब लागतात, आणि शरीरातील पाणी कमी होऊन एक-दोन दिवसांत ते दगावू शकते. उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि अहोरात्र देखरेख. विक्रेत्याकडे किंवा वाटेत लागण झाली असेल, तर आजार दिसू लागेल तो भाऊबीजेनंतरच्याच आठवड्यात, म्हणजे तुम्ही रावेरला परतलेले असाल, धुळ्यातले दवाखाने सुट्टीच्या वेळापत्रकावर असतील आणि दोन मुले त्या पिल्लाशेजारी बसलेली असतील. तुम्ही मुलांना आनंद द्यायला निघाला आहात. त्यांच्या आयुष्यातील पहिला मृत्यू त्यांनी अशा रीतीने पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

लसीचा क्रम थोडक्यात असा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्वो, डिस्टेंपर इत्यादी आजारांची एकत्रित लस सुरू होते आणि पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, आणि पुढे दरवर्षी. जंताचे औषध पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत पिल्लाला मोकाट कुत्री फिरतात अशा जागी उतरवायचे नसते, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दोन-अडीच महिने सर्व विधी घरातच. रेबीजची लस होईपर्यंत आणखी एक प्रश्न उभा राहतो. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि खेळता खेळता मुलांच्या हातांवर ओरखडे येतातच. अशा वेळी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते, कारण लस न झालेल्या आणि कुठून आले हे नीट ठाऊक नसलेल्या पिल्लाच्या बाबतीत कोणताही जबाबदार डॉक्टर ‘काही होत नाही’ असे म्हणणार नाही. मुलांनी ओरखडा लपवून ठेवू नये, हे त्यांना आधी शिकवावे लागते.

दिवाळीचे दिवस तर पिल्लू घरी आणण्यासाठी वर्षातील सर्वांत वाईट दिवस आहेत. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. सुतळी बॉम्बचा जो आवाज आपल्याला दचकवतो तो त्याला कसा लागत असेल याचा विचार करा. तीन ते साधारण चौदा आठवडे हा काळ असा असतो की ज्या गोष्टी पिल्लू या वयात सहजपणे पाहते त्यांची त्याला आयुष्यभर भीती वाटत नाही, आणि ज्यांनी ते या वयात घाबरते त्यांची भीती बरेचदा आयुष्यभर जात नाही. नवे घर, नवी माणसे, आई नाही, आणि बाहेर चार रात्री फटाके, एवढे सगळे एकाच वेळी त्याच्यावर का लादायचे? शिवाय घरोघरी डबे उघडे असतात. चिवड्यातले आणि करंजीतले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, चॉकलेट त्याला विषारी असते, शुगर-फ्री मिठाईत कधी कधी झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, तो तर फारच धोक्याचा, आणि तळलेल्या पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पाहुणे येतात, प्रत्येक जण कौतुकाने एक घास पुढे करतो, आणि कोणी काय दिले हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

जातीविषयी तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगते. लॅब्रॅडोर हा स्वभावाने अत्यंत प्रेमळ, मुलांत रमणारा कुत्रा आहे, ही तुमची माहिती बरोबर आहे. पण त्याचे मूळ कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रकिनाऱ्यावरचे. कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी आणि मासे ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज आहे. म्हणून त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. दिवाळीत आणलेले पिल्लू मे महिन्यात आठ-नऊ महिन्यांचे, अंगाने जवळजवळ पूर्ण वाढलेले असेल, आणि तेव्हा खान्देशात पारा ४३-४४ च्या पुढे जातो. वरच्या छताखालच्या फ्लॅटमध्ये, सर्व जण बाहेर गेलेले असताना, वीज गेली तर त्याचे काय होईल? त्याला रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास चालवावे-पळवावे लागते, नाहीतर ते घरातील चपला, चादरी, मुलांची दप्तरे कुरतडते आणि वजनाने बेसुमार वाढते. लोक मग त्याला वांड म्हणतात. ते वांड नसते, कोंडलेले असते.

तुमच्या शेतावर कुत्रा असणारच, आणि तिथले त्याचे आयुष्य पाहून तुम्हाला हे सगळे अवघड वाटत नाही, हे मी समजू शकते. शेतात त्याला अंगण आहे, झाडाची सावली आहे, पाटाचे पाणी आहे, दिवसभर माणसांची ये-जा आहे. भाकरी टाकली की तो आपला आपण राहतो. तरीही तिथेसुद्धा नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लाची वाढ नीट होत नाही, त्याला अंडी, मांस किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य यांतून प्रथिने मिळावी लागतात, आणि गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. भरीत, शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचा रस्सा भाकरीवर ओतून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, तेव्हा ती पद्धत शेतावरच्या कुत्र्यासाठीही आजपासून बंद करावी.

आता काय करावे. बहिणीला फोन करा, ती शाळेतून परतताना किंवा एकटी असताना, मुले आणि सासूबाई जवळ नसताना. ‘मुलांना पिल्लू द्यायचे माझ्या मनात आहे, पण काम तुझ्यावर पडणार आहे, म्हणून तुझे मन काय ते आधी सांग, नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही आणि मुलांना कळणारही नाही,’ एवढे स्पष्ट बोला. शेवटचे वाक्य गाळू नका, त्याशिवाय ती मोकळेपणाने बोलणार नाही. घरमालकाची परवानगी आहे का, भाडेकरारात काय लिहिले आहे, सासूबाईंना चालेल का, घरात कोणाला दम्याचा त्रास आहे का, ती सुट्टीत गावाला जाईल तेव्हा कुत्रा कुठे राहील, हे तिलाच विचारा. (गृहनिर्माण संस्थेला सर्वसाधारण सभेत ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, पण भाड्याच्या घरात घरमालकाशी झालेला करार ही निराळी बाब आहे.) तिने ‘पाहू’, ‘तुझी इच्छा’ किंवा ‘मुलांना आवडेल’ असे म्हटले तर तो होकार समजू नका. भावाला नाही म्हणताना बहिणी असेच बोलतात.

दिवाळीच्या सुट्टीत भाचरे मामाच्या गावाला येतच असतील. त्या मुक्कामात शेतावरच्या कुत्र्याची सगळी जबाबदारी दोघांकडे द्या: सकाळी उठून पाणी बदलणे, वेळेवर खाणे, त्याने घाण केली तर फावड्याने उचलणे, गोचीड आहेत का ते तुमच्या देखरेखीखाली पाहणे. त्याला रेबीजची लस दिलेली नसेल तर ती आधी देऊन घ्या, आणि मुले आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी भाची स्वतःहून उठते की मामीला हाक मारावी लागते, हे तुमच्या पत्नीला विचारा. मुलांचा ओढा किती खरा आहे ते तेव्हा कळेल, आणि अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येईल तेव्हा पुन्हा एकदा पाहता येईल. बहीण नाही म्हणाली, तर हेच नाते पुढे चालू ठेवा. रावेरचा कुत्रा आपला आहे, त्याला आपण नाव ठेवले आहे, सुट्टीत तो आपली वाट पाहतो, हे शहरातील मुलांसाठी लहान सुख नाही.

बहीण मनापासून हो म्हणाली, तर तुळशीची लग्ने उरकून फटाके थांबल्यावर, शक्यतो डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत, पिल्लू आणावे. म्हणजे मार्चअखेर लसी पुऱ्या होतील आणि उन्हाळ्यापर्यंत ते घराला रुळलेले असेल. थंडीच्या रात्री त्याला गोधडीची उबदार जागा द्यावी. माझे मत विचाराल तर लॅब्रॅडोरऐवजी गावठी पिल्लू घ्यावे. आखूड केसांचा, काटक, आपल्या उन्हाला सरावलेला हा कुत्रा हुशारीत कोणाला हार जात नाही आणि पुष्कळ पिल्ले घराच्या शोधात रस्त्यावर असतात. निवड करायला बहीण आणि मेहुणे यांनी स्वतः जावे, आईला पाहावे, आठ आठवडे पुरे झालेले असावेत, डोळे स्वच्छ, पोट फुगलेले नाही, हाक मारल्यावर पिल्लू पुढे येते, एवढे पाहून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. आणि ओवाळणी द्यायचीच असेल तर लसींचा आणि डॉक्टरचा वर्षाचा खर्च, वय झाल्यावर नसबंदीचा खर्च, आणि ते गावाला जातील तेव्हा कुत्रा रावेरला ठेवून घेण्याचा शब्द, हे तुम्ही द्या. एखाद्या बदलीमुळे किंवा आजारपणामुळे त्यांना कुत्रा सांभाळणे अशक्य झाले, तर तो परत नेण्याची तयारीही त्यात धरा. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पण घाटात किंवा महामार्गावरच्या ढाब्यापाशी उतरवून दिलेली जातिवंत कुत्री पाहिली, की कायदा तिथवर क्वचितच पोहोचतो हे लक्षात येते.

विक्रेत्याला आजच फोन करून बसने पिल्लू पाठवू नये, असे सांगा. इसार परत मिळाला नाही तरी चालेल, असे मनाशी धरून बोला. तो ‘मग दुसरे चांगले पिल्लू देतो’ म्हणेल, त्याला भुलू नका. पिल्लू निघालेच असेल, तर ते धुळ्याला न नेता तुमच्या घरी ठेवा आणि ते तुमचे समजा. शेतावरच्या कुत्र्यापासून त्याला वेगळे ठेवा, आतल्या खोलीत खिडक्या बंद करून पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा म्हणजे फटाक्यांचा आवाज बोथट होईल, गाईचे दूध न देता पिल्लांचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या, पाणी सतत समोर असू द्या, माणसांची झोपेची किंवा तापाची कोणतीही गोळी देऊ नका. चोवीस तासांच्या आत पशुवैद्यकाला दाखवून दातांवरून खरे वय, जंत आणि लसीची तारीख ठरवून घ्या. दिवाळीच्या दिवसांत कोणता दवाखाना उघडा असेल आणि रात्री फोन कोण घेईल, हे लक्ष्मीपूजनाच्या आधीच विचारून लिहून ठेवा. पिल्लाने दोन वेळा खाणे नाकारले किंवा एकदा जरी उलटी आणि जुलाब दोन्ही झाले, तर सकाळची वाट पाहू नका.